न सोललेल्या कळ्या

माय, सकाळपासून तीनदा ही वही उघडली आणि तीनदा मिटली. पहिल्यांदा कुकर लावायचा राह्यला म्हणून उठले, दुसऱ्यांदा दूधवाला आला, तिसऱ्यांदा कोणीच आलं न्हाई तरी उठले. माझं तुला ठाऊकच आहे, एका जागी बूड टेकत न्हाई. तू म्हणायचीस, "हिच्या पायाला भिंगरी हाय, अन् तोंडाला कुलूप न्हाई." भिंगरी अजून आहे. कुलपाचं मात्र तुझं चुकलं. एक गोष्ट मी तेहतीस वर्षं तोंडात धरून बसलेय, आणि ती बाहेर काढायची म्हणूनच आज घरात कोणी नसताना नातीची जुनी चित्रांची वही उलटी धरली आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसले. पुढच्या पानांवर हत्ती आहेत, सगळे जांभळे.

तू स्वप्नात येतेस माझ्या. तुझ्या तेराव्यानंतर पहिल्यांदा आलीस, त्याला एकोणीस वर्षं झाली. आधी वर्षाकाठी एकदा-दोनदा यायचीस, चालून जायचं. या दिवाळीपासून आठवड्यात तीनदा. आणि दरवेळी तेच, काडीचा फरक न्हाई. आपल्या गावाबाहेरचा तो कपाशीचा प्लॉट. ऊन कललेलं. झाडं माझ्या छातीला लागून राह्यलीत, आणि ज्या झाडाकडं बघावं त्याच्यावर उद्या उमलायच्या कळ्या फुगून बसलेल्या. मी अंगठ्याच्या नखानं एक कळी सोलते, तिच्यावर लाल कागदाची टोपी घालते, पुढं सरकते, मागं वळून बघते तर टोपीखाली ती कळी परत जशीच्या तशी. मंग मी जल्दी जल्दी करते, नखातून रक्त यायला लागतं, आणि कळ्या काही सरत न्हाईत. तू बांधावर उभी असतेस, पदर खोचून, हातात टोप्यांची गड्डी, पण तुझी पाठ माझ्याकडं. मी "माय, माय" करून राह्यले आणि घशातून आवाज फुटत न्हाई. तेवढ्यात रस्त्यावर बियाणं कंपनीच्या साहेबाची फटफटी वाजते आणि मी दचकून उठते. अंग घामानं चिंब, अंगठा मुठीत आवळलेला. एकोणीस वर्षांत तुझं तोंड मला एकदाही दिसलेलं न्हाई.

लोकांना सांगून बघितलं. आपल्याकडं मेलेलं माणूस स्वप्नात आलं म्हणलं की पहिला सवाल ठरलेला, "काही मागितलं का?" त्यानं काही दिलं तर बरं, मागितलं तर ते दान करायचं, आणि हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. तू ना देतेस, ना मागतेस, ना हाक मारतेस, त्यामुळं शेजारच्या काकू पार गोंधळल्या. शेवटी त्यांनीच ठरवलं की पाठ करून उभी आहे म्हणजे तिचं काहीतरी राह्यलंय. काय राह्यलं असेल ते सगळं करून झालं. अमावस्येला अंबाडीची भाजी आणि भाकरी ठेवली, कावळा लगेच शिवला, काकू खूश, आणि दोन दिवसांत तू परत हजर. एका बाईला लुगडं नेसवलं. तुझा स्वतःचा उपाय तर केलाच केला. वाईट स्वप्न पडलं की माणसाशी बोलायच्या आधी पेटत्या चुलीला सांगायचं, म्हणजे ते जळून जातं, असं तू म्हणायचीस. आता चूल कुठून आणू? गॅस पेटवला आणि त्याच्यापुढं पुटपुटत बसले. तुझे जावई पाणी प्यायला उठले, बघतात तर मी शेगडीशी बोलून राह्यले. म्हणले, "काय म्हणती शेगडी? सिलिंडर संपलं का?" हसू आलं मला. पण कसलं काय, काही जळालं न्हाई.

हे असंच ढकलत नेलं असतं मी. पण नात चार वर्षांची आहे, ती माझ्याजवळ झोपायची. माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याबिगर तिला झोप यायची न्हाई. एके दिवशी ती किंचाळतच उठली. कानाखाली, गालावर, नखाचे दोन लांब ओरखडे, त्यातून रक्त येऊन राह्यलेलं. आणि माझा अंगठा अजून चालू होता, माय. मी झोपेत तिचा गाल सोलत होते. सून धावत आली, हळद लावली. संध्याकाळी मात्र पोरीची छोटी उशी उचलून त्यांच्या खोलीत नेली. म्हणली, "दोन-चार दिवस, आई. तुमची पण झोप होईल." चांगली आहे गं पोर, म्हणून तर जास्त लागलं. भांडली असती तर मी पण दोन शब्द सुनावले असते. दोन-चार दिवसांचे दोन महिने झाले. नात दिवसभर मांडीवर असते, आणि झोप आली की आपण होऊन उठून जाते. "आजी, तू ओरबाडतेस," म्हणते. मी नखं मुळापासून काढली, हातात जुने मोजे घालून झोपले. तिला ते मोजे दिसले तर ती आणखी घाबरली. त्या दिवशी न्हाणीत नळ सोडून मी इतकी रडले की बादली भरून वाहायला लागली तरी कळलं न्हाई.

शेवटी सूनच मला डॉक्टरणीकडं घेऊन गेली, इथंच जालन्यात. मनाची डॉक्टर. मी म्हणलं, मला काय वेड लागलंय? पण गेले. डॉक्टरीण सुनेच्याच वयाची, केसांना साधी क्लिप, आणि सवाल इतके की सोयरीक जमवणाऱ्या बाईनं हार मानावी. कळी सोलायची म्हणजे काय, इथून सुरुवात. तिला सगळं सांगावं लागलं. बियाण्याच्या प्लॉटावर मादी कपाशी वेगळी आणि नर वेगळा. उद्या उमलणारी मादीची कळी आज दुपारीच हेरायची, अंगठ्याचं नख लावून तिच्या पाकळ्या आणि आतले पिवळे पराग सगळं एका झटक्यात काढायचं, मधली काडी तेवढी शाबूत ठेवायची आणि तिच्यावर लाल टोपी घालायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी लांबून दिसते. सकाळी नराचं फूल आणून त्या काडीवर घासायचं आणि दोरा बांधायचा. कळी सोलायची राह्यली तर ती स्वतःच्याच परागानं फळते, आणि ते बी संकरित न्हाई, साधं होतं. अशी बोंडं मिसळली की सगळा प्लॉट बाद. डॉक्टरीण म्हणली, "म्हणजे टोपी घातली की आत सोललंय की नाही ते बाहेरून कळत नाही?" मी म्हणलं, "न्हाई." आणि अंगठा पदराखाली लपवला.

तिनं गोळ्या थोड्याच दिल्या आणि अभ्यास जास्त दिला. म्हणली, सारखं सारखं पडणारं स्वप्न म्हणजे मनात पडलेली पायवाट असते, पाय तिकडंच वळतात. ते स्वप्न दिवसाउजेडी कागदावर लिहायचं. मंग त्याच्यात तुम्हाला पाहिजे तो बदल करायचा, कसलाही, आणि तो बदललेला शेवट रोज दहा मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचा. हळूहळू मन नवी वाट धरतं. मला हसायला आलं. बारावी झाल्यावर मी परत निबंध लिहीन असं कधी वाटलं न्हव्हतं. पण नातीची उशी डोळ्यापुढं होती, लिहिलं. पहिल्या शेवटात तू वळतेस आणि हसतेस. दोन दिवस चालवून बघितला, काही जमेना. तू प्लॉटावर कधी हसलीस? वीस बायांची मुकादम तू, पोटच्या पोरीला सुद्धा तिथं "ए" म्हणून हाक मारायचीस. दुसऱ्या शेवटात तू वळतेस आणि माझ्या कानाखाली ठेवून देतेस. तो बरा बसला, त्याच्यावर मी तीन रात्री झोपले. चौथ्या रात्री तू परत पाठ करून उभी.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरणीनं विचारलं, "एवढ्या मोठ्या प्लॉटवर तुम्ही दोघीच असता?" मी म्हणलं, छे, वीस बाया होत्या. "मग स्वप्नात त्या कुठं गेल्या?" खरंच कुठं गेल्या? तिनं आणखी एक विचारलं, "दिवाळीपासून वाढलं म्हणता, दिवाळीत काय झालं होतं?" मी म्हणलं, काही न्हाई, दिवाळी झाल्या झाल्या परतूरला एक लग्न होतं, तिथं गावाकडची एक बाई भेटली. ती म्हणली, आपल्या प्लॉटावर सोलायला यायची ती मुसलमानाची खाला अजून आहे, आष्टीत लेकीकडं असते, तुझी चौकशी करत होती. मला वाटलं होतं ती कधीच वारली असेल. एवढं बोलून माझं मलाच उमगलं आणि मी खुर्चीवरून उठलेच. डॉक्टरीण म्हणली, बसा. मी म्हणलं, न्हाई बसवत. खिडकीपाशी उभी राहून मी तिला ते सांगितलं जे तुला कधी सांगितलं न्हाई.

आता तुला सांगते. मी सतराची होते, बारावीला. माझ्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, आठवतं? पहिल्या दिवशी मी हात झटकत उभी राह्यले तर तू सगळ्या बायांपुढं ओरडलीस, "नखाला काय झालं न्हाई, कामाला झालंय. मुकादमाची पोर म्हणून काय पलंग टाकू का तुला इथं?" सगळ्या हसल्या. मला असा संताप आला की मी ठरवलं, आता मेले तरी सांगणार न्हाई. माझ्याकडं पार खालच्या कडेच्या दोन ओळी होत्या. त्या दिवसापासून चार दिवस मी कळ्या सोलल्याच न्हाईत. नुसत्या टोप्या घातल्या. सकाळी त्याच टोप्या काढायच्या, दोरा बांधायचा, पुढं जायचं. लांबून बघणाऱ्याला लाल लाल ओळी दिसायच्या, तू पण लांबूनच बघून "बराबर" म्हणालीस. अंगठा ठणकायचा आणि मनातून बरं वाटायचं. घे म्हणलं, ओरडतेस काय.

पाचव्या दिवशी अंगठा टम्म सुजला तेव्हा तूच मला परतूरला दवाखान्यात चिरा देऊन घ्यायला पाठवलंस. आणि नेमका त्याच सकाळी कंपनीचा साहेब आला. त्यानं खालच्या कडेच्या टोप्या उघडून बघितल्या आणि प्लॉट बाद करायची भाषा केली. तू त्याच्या हातापाया पडून एक दिवसाची मुदत घेतलीस, त्या ओळींतली सगळी बोंडं, दोरे बांधलेली सुद्धा, तोडून टाकलीस. हे मला नंतर बायांकडून कळलं. संध्याकाळी मी पट्टी बांधून आले तेव्हा तू चुलीपुढं होतीस. भाकरी थापता थापता एवढंच विचारलंस, "खालच्या दोन ओळी चार दिवस कोण सोलून राह्यलं होतं?" आवाज असा की जसं मीठ कुठंय विचारावं. मी म्हणलं, "खाला. माझं नख दुखतंय म्हणून तिनं घेतल्यात." का तिचं नाव तोंडात आलं? कारण तिनं खरंच विचारलं होतं मला, "ला, मैं कर देती तेरी दो ओळी." एक तीच. बाकी एकीनंही विचारलं न्हव्हतं, म्हणून तिचंच नाव आलं. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर सगळ्या बाया उभ्या. साहेब फटफटीवर बसलेला, एक पाय जमिनीवर, कोणाला काढतात ते बघायला आलेला. तू खालाला म्हणालीस, "तू उद्यापासून येऊ नको." ती म्हणाली, "अक्का, मैं क्या करी? मैं तो उधर गयीच नै." तू म्हणालीस, "त्या ओळी तुझ्याकडं होत्या. पोरीनं सांगितलंय. माझी पोर खोटं बोलत न्हाई." मी तुझ्या मागं चार हातांवर उभी होते, पट्टीचा अंगठा छातीशी धरून. तुझी पाठ माझ्याकडं होती. मला वाटलं खाला आता माझ्याकडं बघेल, आणि तिनं बघितलं असतं तर मी बोलले असते, माय, देवाची आण. पण तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई. ती तुझ्याकडं बघत राह्यली, बराच वेळ. मंग तिनं डब्याचं फडकं उचललं आणि गेली. तिच्या घरात अंबाडीची भाजी झाली की आपल्याकडं यायची, आपल्या पुरणपोळ्या तिच्याकडं जायच्या. ते बंद झालं. बियाण्यात बेईमानी केली म्हणल्यावर दुसऱ्या कुठल्याही मुकादमानं तिला टोळीत घेतलं न्हाई. वर्षाच्या आत ती गाव सोडून गेली. आणि मी इतकी वर्षं धरून चालले की तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मी तुला फसवलं.

जरा उठून आले. कपडे वाळले होते, घड्या घातल्या. एक घडी तीनदा घातली.

डॉक्टरीण काही खालाकडं जा म्हणली न्हाई. एवढंच म्हणली, "शेवट बदलायचा तो फक्त वहीतच बदलायला पाहिजे असं कुठाय?" मंगळवारी मी घरात सांगितलं की परतूरला काम आहे, आणि तिथून पुढं आष्टीची गाडी धरली. दोनदा वाटलं उतरून परत जावं. घर सापडायला वेळ लागला न्हाई. तिची लेक दारात होती, तिनं आत नेलं. खाला पार लहान झालीय, माय, खाटेवर मुटकुळं. पण डोळे तेच. मला बघून म्हणली, "आ गयी? बहोत देर लगाई." मी पाणी सुद्धा घेतलं न्हाई. म्हटलं घेतलं तर बोलणं गिळलं जाईल. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, टोप्या, नख, चूल, तुझं विचारणं, माझं उत्तर, सगळं. हात जोडले. ती ऐकत राह्यली आणि मंग म्हणली, "ये क्या नयी बात बोली तू? मेरेकू उसी दिन मालूम था. तेरी माँ को बी मालूम था."

मी म्हणलं, न्हाई खाला, मायला ठाऊक न्हव्हतं, मी खोटं सांगितलं होतं. ती चिडलीच. "अगं येडी, मेरेकू सिखाती क्या? वो चार दिन मैं तेरी माँ के बाजू में थी. वरच्या पट्टीत. दोनों मिल के सोलते थे, बातां करते करते. तू नीचे, हम ऊपर. मैं कब आती तेरे पास? उसकू मालूम नै?" छातीएवढी कपाशी, त्यात वाकून काम, मला वरचं काही दिसायचं न्हाई. मला कधी सुचलंच न्हाई की तू चार दिवस तिच्या शेजारी होतीस. मी खाली बसले. खाला बोलत राह्यली. म्हणली, तिला काढलंस त्याच दिवशी संध्याकाळी तू तिच्या दारी गेलीस. तिनं दार लावून घेतलं होतं. तू बाहेरून बोललीस, "खाला, मला ठावं हाय. माझ्याच पोरीचं हाय. पंधरा दिवसांवर पाहुणे येऊन राह्यले तिला बघायला. नाव झालं तर कोण करील तिला? मी तरी काय करू?" खूप वेळ उभी होतीस म्हणे. रडत होतीस. मी विचारलं, "मंग?" खाला म्हणली, "मंग क्या? मैं दरवाजा खोलीच नै. खोलती तो मेरेकू बी रोना आता."

मी म्हणलं, मला माफ करा. म्हणली, "तेरेकू तो कबका किया. बच्ची थी तू. तेरी माँ को नै किया. झूठ नै बोलती मैं. उसको नै किया." आणि मंग तिनं लेकीला हाक मारली आणि मला जेवल्याबिगर उठू दिलं न्हाई. जेवताना मी तिला स्वप्नाचं सांगायला लागले तर हात वर करून थांबवलं. त्यांच्यात वाईट स्वप्न कुणाला सांगत न्हाईत. डावीकडं तीनदा थू करायचं आणि कूस बदलून झोपायचं, बस. "तुम लोग चूल्हे को बोलते, पडोसन को बोलते, डागदर को बोलते. इतना बोले तो वो जायेगा कैसा?" मला इतक्या दिवसांनी खदखदून हसू आलं, आणि हसता हसता घास अडकला.

माय, मी चिडलेय तुझ्यावर. हे लिहू नये वाटतंय पण लिहिते. तू मला चुलीपुढं विचारलंस तेव्हा तुला उत्तर ठाऊक होतं. मी खोटं बोलते की खरं, हे तू बघत होतीस. आणि मी खोटं बोलले तेव्हा एक चापट मारायची सोडून तू ते उचललंस आणि वापरलंस. माझ्यासाठी केलंस म्हणशील. ते पाहुणे आले, त्यांनी भजी खाल्ली आणि मला नकार देऊन गेले, हे तरी आठवतं का तुला? कशासाठी केलंस गं? तुझी सगळ्यात जवळची मैत्रीण होती ती. मी एकोणीस वर्षं घामाघूम होऊन उठले, मला वाटायचं तू माझं तोंड बघायला तयार न्हाईस. आता मला वाटायला लागलंय की तूच तुझं तोंड दाखवायला तयार न्हव्हतीस. त्या सकाळी बांधावर सुद्धा.

त्यानंतर स्वप्न पडलं का, तर पडलं, एकदा. कळ्या तशाच, तू तशीच. फक्त या वेळी मी सोलत न्हव्हते. हात खाली सोडून उभी होते आणि तुझ्या पाठीकडं बघत होते. उठले तेव्हा मूठ उघडी होती. डॉक्टरणीला ते फार आवडलं, मला तेवढं न्हाई. काल सून म्हणली, पोरीला आज तुमच्याकडं पाठवू का? मी म्हणलं, आठ दिवस थांब. माझा माझ्यावर अजून भरवसा न्हाई. ही वही आज कपाटात कपड्यांखाली जाईल. डॉक्टरणीला दाखवायची न्हाई, तुझ्या जावयाला तर मुळीच न्हाई, आणि तुझा पत्ता कुणाकडं आहे? पण एक गोष्ट राह्यली, ती सांगितल्याबिगर वही मिटवत न्हाई.

आष्टीहून निघताना मी चपला घालत होते. खाला खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती, मला वाटलं डोळा लागला. तेवढ्यात तशीच पडल्या पडल्या म्हणली, "छोकरी, एक बात पूछूं? मरने तक तेरी माँ कबी मेरा नाम लेती थी क्या?"

त्या सकाळनंतर तू चौदा वर्षं जगलीस. तिचं नाव तुझ्या तोंडून एकदाही निघालं न्हाई. एकदा मीच काढलं तर तू जेवणाच्या ताटावरून उठून गेलीस.

मी म्हणलं, "रोज घ्यायची, खाला. जायच्या दिवशी सुद्धा घेतलं. म्हणली, खालाला सांगा, माझं चुकलं."

तिनं तोंड वळवलं न्हाई. पाठ तेवढी हलायला लागली. लेक मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणली, अम्मी कधी रडत न्हाई.

परत खोटं बोलले मी, माय, आणि परत तिच्याच बाबतीत. या खेपेला तुला वाचवायला.